पाच इंचांची लाट, साडेसहा टन लोखंड

जालन्यात नव्या घराच्या वास्तुशांतीला गेलात, तर यजमान खोल्या दाखवण्याआधी लोखंड सांगतो. "साडेसहा टन बसलं." मग थोडं थांबतो, आकडा पाहुण्याच्या गळी उतरायला वेळ देतो. जाणत्या पाहुण्यानं अशा वेळी टाइल्सचं किंवा पडद्यांचं कौतुक करू नये. "स्लॅबला दहा एमएम की बारा?" एवढंच विचारावं. त्या एका प्रश्नावर पंगतीत दोन जिलब्या जादा पडतात.

याला कारण आहे. आमच्या एमआयडीसीत भंगार वितळवणाऱ्या भट्ट्या आहेत, सळई ओढणाऱ्या रोलिंग मिल आहेत, आणि दूरदूरच्या इमारतींच्या पोटात जालन्याची सळई आहे. 'जालना सोने का पालना' ही जुनी म्हण गावात अजून ऐकू येते. सोन्याचं काय झालं ते विचारू नका, पाळणा मात्र आता टीएमटी सळईचा आहे. अशा गावात घराला बेतानं लोखंड घालणाऱ्याकडं सोयरीक जमवायलाही लोक कचरतात.

तर आमच्या अण्णांनी, म्हणजे थोरल्या भावानं, दुमजली घर बांधलं. इंजिनिअरनं नकाशात स्लॅबची जाळी सहा-सहा इंचांवर दाखवली होती. अण्णांनी गज बांधणाऱ्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "चार-चारावर बांध." खाली एक जाळी, वर एक जाळी. इंजिनिअर म्हणाला, "एवढी गरज नाही, अण्णा." अण्णा म्हणाले, "भूकंप तुम्हाला विचारून येणार आहे का?" १९९३च्या किल्लारीनंतर मराठवाड्यात या प्रश्नाला उत्तर नसतं. इंजिनिअर गप्प बसला. घर उभं राहिलं. मग घरात वायफाय आलं आणि बैठकीतून वरच्या मजल्यावर जाईना.

आता ही लाट म्हणजे काय प्रकार आहे ते मिस्त्रीच्या भाषेत सांगतो. घरगुती वायफायच्या मुख्य लाटा दोन. २.४ गिगाहर्ट्झवाली थोरली, तिची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम पाच इंच. ५ गिगाहर्ट्झवाली धाकटी, ती सव्वादोन इंचांच्या आसपास. लोखंडाच्या जाळीची भोकं लाटेपेक्षा मोठी असली की लाट निघून जाते. भोकं लहान होत गेली की अडायला लागते. सहा इंचांच्या जाळीतून पाच इंची लाट अंग चोरून का होईना निसटली असती. पण चार इंचांच्या दोन जाळ्या, मधे ओल धरून बसलेलं काँक्रीट आणि वर फरशी, एवढं सगळं ओलांडून जे वर पोचतं त्याला सिग्नल म्हणावं की अफवा, असा प्रश्न पडतो. धाकटी लाट जाळीतून त्यातल्या त्यात सहज निघाली असती, पण तिला काँक्रीटच सोसत नाही. ती वेगवान आहे आणि नाजूक आहे. दाराआडच्या खोलीत जातानाही दमते.

पुण्याला नोकरी करणारा आणि सणावाराला घरून काम करण्याच्या सवलतीत जालन्याला येणारा पुतण्या हे सगळं अण्णांना समजावत होता. अण्णांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे आपल्या स्लॅबमधून लाटसुद्धा जात नाही?" दुसऱ्या दिवसापासून टनांच्या आकड्यानंतर ते पाहुण्यांना हेही सांगू लागले.

वास्तविक भिंतीतून लाट पाठवण्याचा मान आपल्याच देशाकडं आहे. १८९५ साली कलकत्त्यात जगदीशचंद्र बोसांनी लोकांसमोर बिनतारी लहरी भिंतींपलीकडं पाठवल्या, तिकडं घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू उडवून दाखवली. शंभरहून जास्त वर्षांनंतर आमच्याकडं तीच करामत करून बैठकीतून स्वयंपाकघरात साध्या पुरणपोळीचा व्हिडिओ जात नाही. दोष बोसांचा नाही. त्यांच्या भिंतीला अण्णा भेटले नव्हते. तिकडं ऑस्ट्रेलियाचे जॉन ओ'सुलिव्हन नावाचे रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ विझत चाललेल्या कृष्णविवरांचा क्षीण आवाज शोधत होते. ती कृष्णविवरं काही सापडली नाहीत. पण अंधुक, विस्कटलेला संदेश निवडून काढायचं जे गणित हाताशी आलं होतं, ते पुढं ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संस्थेत भिंतींवर आपटून सैरभैर झालेल्या लाटा सावरायला उपयोगी पडलं. त्याचं पेटंट अमेरिकेत १९९६ साली मिळालं. ब्रह्मांडाच्या टोकाची कुजबुज ऐकण्यासाठी निघालेली विद्या आमच्या वहिनींच्या लोखंडी कपाटापाशी येऊन थांबली आहे.

पण सगळा दोष लोखंडावर टाकणं बरोबर नाही. निम्मं नुकसान राउटरचा डबा कुठं बसला यानं होतं. जोडणी करायला आलेला पोरगा घाईत होता. खांबावरची तार बैठकीच्या खिडकीतून आत आली, आणि आत आल्यावर पहिला जो सॉकेट दिसला तिथं डबा टांगला गेला. घराचं दार, देवघर, शौचालय सगळं वास्तुशास्त्राला विचारून ठरतं. राउटरची जागा तारेच्या उरलेल्या लांबीवर ठरते. त्यामुळं घराच्या एका कोपऱ्यातून तो निम्मी ताकद घरात आणि निम्मी बाहेरच्या गल्लीत सांडत बसतो. आमच्या खिडकीबाहेर एक बेवारस कुत्रं झोपतं. जिल्ह्यात त्याच्याइतका चांगला सिग्नल क्वचितच कुणाला मिळत असेल.

पुढं वहिनींना भिंतीवरचा तो लुकलुकणारा डबा बघवेना. त्यांनी तो शोकेसमध्ये सरकवला. एका बाजूला पितळी समई, दुसऱ्या बाजूला पुतण्याच्या शाळेतल्या ढाली, मागं स्टीलची परात आणि वरून क्रोशाचा रुमाल. रुमालानं लाट अडत नाही, हे त्या बिचाऱ्या रुमालाच्या बाजूनं सांगायला हवं. त्यानं डबा फक्त तापतो. अडवतात ती भांडी आणि परात. पण रुमाल काढला तरी परात हलणार नव्हती, कारण ती आहेरात आलेली होती.

आणि त्या दांड्या. डब्याला चार दांड्या असतात आणि प्रत्येक घरात कुणी तरी त्या ज्या खोलीत नेट येत नाही त्या खोलीकडं रोखून ठेवलेल्या असतात. मास्तरांनी, म्हणजे आमच्या शेजाऱ्यांनी, त्यांच्याकडच्या दांड्या माडीकडं तोफेच्या कोनात लावल्या होत्या. खरं म्हणजे दांडीच्या टोकातून लाट निघतच नाही. ती दांडीभोवती मेदूवड्याच्या आकारात पसरते आणि दांडी वड्याच्या भोकातून गेलेली असते. टोक ज्या दिशेला रोखाल तिकडं भोक जातं. मास्तर कित्येक महिने आपल्या माडीला वड्याचं भोक वाढत होते. दांड्या उभ्या ठेवल्या तर लाट त्याच मजल्यावर पसरते. वर-खाली न्यायची असेल तर एखादी आडवी पाडावी. हे सांगितल्यावर मास्तरांनी चौकशी केली, "मग वडा तिरका नाही का करता येत?" करता येतो. दांडी तिरकी करायची. मास्तर गणिताचे होते, त्यांना ते लगेच पटलं.

आता पाण्याकडं येऊ. जालन्यात कुठल्याही विषयावरून पाण्याकडं यावंच लागतं. २०१२-१३च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागांचं सरपण झालं, टँकरमागं रांगा लागल्या, आणि त्या वर्षी घराघरांत निळी टिपाडं आली ती परत गेली नाहीत. नळाचा दिवस चुकला तर पंचाईत नको, म्हणून जिन्याखाली, न्हाणीपाशी, माजघराच्या दाराशी टिपाडं भरलेलीच असतात. आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लाटेला पाण्याचं मोठं वावडं. मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये जेवण तापवणारी लाट याच जातकुळीची. जेवणातलं पाणी ती शोषतं आणि तापतं. दोनशे लिटरचं टिपाड मधे उभं असलं की लाट त्यात शिरते आणि पलीकडं निघत नाही. हे ऐकून आजी म्हणाली, "काहून रे, मग टिपाडातलं पाणी कोमट व्हायला पाहिजे ना." तर्क बिनतोड होता. पण ओव्हन शेकड्यांनी वॉट फेकतो आणि आपल्या डब्याची एकूण ताकद वॉटच्या दहाव्या हिश्शाएवढी. आजीनं हे ऐकलं आणि डब्याकडं बघून म्हणाली, "एवढ्यात काय करणार ते लेकरू तरी."

माणूसही बहुतेक पाणीच. लग्नाचे पाहुणे बैठकीत बसले की नेट मंदावतं, त्यात त्यांच्या अंगातल्या पाण्याचा वाटा आहेच. पासवर्ड मिळाल्याचा वाटा त्याहून मोठा.

उन्हाळ्यात यात कूलरची भर पडते. कूलरचं शरीर पत्र्याचं, पोटात पाणी, मधे फिरती मोटर आणि बसवण्याची जागा नेमकी बैठकीची खिडकी. वायफाय अडवण्यासाठी एखाद्या शास्त्रज्ञाला यंत्र बनवायला सांगितलं असतं, तर त्यानं थोड्याफार फरकानं कूलरच बनवला असता.

उपाय सुचवणारे कमी नव्हते. एकानं फॉइल लावायला सांगितलं, एकानं डब्याला नवी जागा ईशान्येला दाखवली. परातीचा उपाय मास्तरांचा. डब्यामागं वाकलेला पत्रा धरला तर गल्लीत सांडणारी लाट परत घरात वळते, हे भौतिकशास्त्राला धरून आहे. मास्तरांनी पुरणाची मोठी परात डब्यामागं टेकवून उभी केली. लाट वळलीही. ती जिथं वळली तिथं न्हाणी होती. न्हाणीत त्या दिवसापासून उत्तम रेंज आली आणि घरातली धाकटी मंडळी तिथं पूर्वीपेक्षा जास्त वेळ घालवू लागली. मग श्रावणातला पहिला सोमवार आला, वहिनींना परात सापडेना, आणि भौतिकशास्त्र मागं पडलं.

शेवटी नवा राउटर घ्यायचं ठरलं. अण्णा दुकानात सोबत आले हीच चूक. हे गाव बियाण्यांचं. इथं १९६४ साली बद्रीनारायण बारवाल्यांनी महिको ही बियाण्यांची कंपनी काढली, आणि संकरित वाण हा शब्द इथल्या पोरांना बाराखडीबरोबर येतो. अण्णांनी काउंटरवर हात टेकून विचारलं, "यातलं नवीन वाण कोणतं?" दुकानदारही जालन्याचाच. त्यानं सहा दांड्यांचा डबा काढला. "उतारा किती?" "दोन हजार स्क्वेअर फूट, अण्णा." "कोरडवाहू का बागायती?" या प्रश्नाचा अर्थ दुकानदाराला कळला, आणि खरं सांगतो, तो फार योग्य प्रश्न होता. खोक्यावरचा आकडा मोकळ्या जागेचा असतो. मधे भिंत, पाणी, कपाट आलं की उतारा कोरडवाहूवर येतो. दुकानदार म्हणाला, "ते तुमच्या जमिनीवर आहे." त्यानं पुढं 'फाइव्ह जी' लिहिलेला एक डबा दाखवला आणि अण्णांनी लगेच मोबाइल काढून वर कोपऱ्यातलं ५जी त्याच्याशी ताडून पाहिलं. या दोन पाचांचा एकमेकांशी संबंध नाही. मोबाइलवरचा पाच म्हणजे पाचवी पिढी, डब्यावरचा पाच म्हणजे ५ गिगाहर्ट्झची ती धाकटी, नाजूक लाट. दुकानदाराला हे माहीत होतं. तो काही बोलला नाही. बियाण्याच्या दुकानात वाढलेला असावा.

गावाच्या जुन्या वस्तीत प्रश्न वेगळे आहेत. कुंडलिकेच्या काठी कादराबादेत अजून अशी घरं आहेत की ज्यांच्या भिंती दोन-दोन फूट दगडमातीच्या आहेत. तिथं लोखंड नाही, पण दोन फूट दगडमाती मुरवून मुरवून लाट संपवते. भिंत जाड असली तरी शेजार पातळ: घर घराला टेकलेलं, आणि प्रत्येकाकडं एक डबा. २.४ गिगाहर्ट्झला आपल्याकडं तेरा चॅनेल आहेत, पण ते एकमेकांवर चढलेले. एकमेकांच्या अंगावर न येणारे म्हणायचे तर एक, सहा आणि अकरा. एवढ्या तीन वाटांनी सगळी गल्ली चालणार. त्यातही निम्म्या घरांचे डबे सहावर आणि कुणी ते कधी उघडून पाहिलेले नसतात. मोबाइलवर आसपासची नावं काढली की गल्लीचा स्वभाव दिसतो: 'जय भवानी', 'पाटलाचा वाडा ५जी', 'पासवर्ड मागू नये', आणि त्याच्या खाली 'मागितला कुणी'. शेवटची दोन घरं समोरासमोर आहेत आणि त्यांच्यात नळावरून जुना वाद आहे.

अशा गल्लीत आपण अकरावर जावं, इतकाच उपाय. तो फुकट आहे, म्हणूनच कुणी करत नाही.

गावाकडं, घनसावंगी-मंठ्याच्या बाजूला पत्र्याच्या घरात वेगळीच मौज. पत्रा बाहेरचा मोबाइल टॉवर आत येऊ देत नाही आणि आतलं वायफाय वर जाऊ देत नाही. ग्रामपंचायतीपर्यंत तार नेण्याची योजना केंद्रानं २०११ साली मंजूर केली, तिचं नाव पुढं भारतनेट झालं. ग्रामपंचायतीचं कार्यालय बंद झाल्यावर बाहेरच्या ओट्यावर जी तरुण मंडळी मोबाइलात डोकं घालून बसलेली दिसतात, ती ग्रामविकासाचीच वाट बघत असतात असं नाही.

मोजमापाशिवाय बोलणं बरं नव्हे, म्हणून पुतण्यानं मोबाइलमध्ये ताकद मोजायचं ॲप घेतलं. त्यात आकडे उण्यात येतात. डब्यापाशी उणे तीस, व्हिडिओ नीट चालायला उणे सदुसष्टच्या अलीकडं हवं, उणे ऐंशीच्या पुढं काही खरं नाही. दर तीन गुण उतरले की ताकद निम्मी, दर दहाला दहावा हिस्सा. हे आमच्या मोंढ्यातल्या अडतीवर हिशेब लिहिणाऱ्या मामांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला. "सगळंच उण्यात? मग हा धंदा चालू कशाला ठेवला?" वरच्या मजल्यावर उणे एक्याऐंशी निघालं. मामा म्हणाले, "बुडीत खाती टाका."

मोबाइलवर काड्या मात्र कधी कधी भरपूर दिसतात आणि तरी काही उघडत नाही. त्याची दोन कारणं. काड्या फक्त डबा ते मोबाइल एवढंच सांगतात. खांबावरची तार माकडानं तोडली तरी काड्या पूर्ण. दुसरं, डब्याचा आवाज मोबाइलला ऐकू येतो पण मोबाइलचा बारीक आवाज डब्याला ऐकू येत नाही. वहिनींना हे लगेच समजलं. त्या म्हणाल्या, घरात असंच चालतं.

मधे रिपीटरही आणून झाला. तो जिन्यात लावला. रिपीटर ऐकतो, मग तेच पुन्हा बोलतो. ऐकताना बोलता येत नाही आणि बोलताना ऐकता येत नाही, म्हणून साध्या रिपीटरला वेग निम्म्यावर येतो. वरती काड्या आल्या, नेट आलं नाही. अण्णांना काड्या पुरेशा होत्या.

खरा इलाज सगळ्यांना माहीत असतो आणि सगळे तो टाळतात: बिनतारी नेट चांगलं चालवायचं तर तार ओढावी. एक लॅन केबल खालच्या डब्यातून वर न्यायची, शंभर मीटरपर्यंत तिला काही होत नाही, आणि वर दुसरा डबा लावायचा. पुतण्यानं ड्रिल मशीनचं नाव काढलं.

"स्लॅबला भोक?" अण्णा म्हणाले.

घरात जी शांतता पसरली ती मी आजवर फक्त वाटणीच्या बोलण्यात पाहिली होती. पुतण्यानं सांगितलं, दहा एमएमचं भोक, करंगळीएवढंही नाही. अण्णांनी विचारलं, गज लागला तर? चार इंचांवर आहेत, लागणारच. पुतण्या म्हणाला, मग जाळीच्या मधोमध पाडू. अण्णा म्हणाले, "मधोमध कुठं आहे ते तुला काय ठाऊक? मी बांधलंय." त्यांना खरंच ठाऊक होतं. स्लॅब टाकायच्या आदल्या दिवशीचे फोटो त्यांच्याकडं होते, टेप लावून काढलेले. लग्नाच्या फोटोंपेक्षा जास्त. पण बाप्यानं घर बांधलं ते भोकं पाडायला नाही, असं म्हणून त्यांनी फोटो परत ठेवले.

शेवटी तार बैठकीच्या खिडकीतून बाहेर काढली, भिंतीवरून पावसाच्या पाइपला बांधून वर नेली आणि वरच्या खिडकीतून आत घेतली. जिथून आली होती तिथूनच, फक्त जास्त वळसा घालून. प्लॅस्टिकच्या पट्ट्या अण्णांनी स्वतः बांधल्या, चार-चार इंचांवर. वरच्या खोलीत उणे बेचाळीस आलं.

आता पुतण्याची अडचण झाली आहे. "नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे, आवाज तुटतोय" हे वाक्य त्याला पुण्याच्या साहेबांसमोर म्हणता येत नाही, कारण चेहरा स्वच्छ दिसतो. पण मोजमाप त्यानं वाया जाऊ दिलेलं नाही. आवाज नुसता तुटायला हवा असेल तर तो लॅपटॉप घेऊन खाली कूलरपलीकडं बसतो. चित्र गोठायला हवं असेल तर लोखंडी कपाटामागं. आणि महिनाअखेरची मीटिंग असली की जिन्याखाली, दोन भरलेल्या टिपाडांच्या मधे. आजी येता-जाता त्याला बघते आणि तांब्या बुडवताना म्हणते, "जरा सरक रे, पाणी घेऊ दे."